जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स: डिस्क तपासण्यापासून गाण्याची पट्टी बदलण्यापर्यंत

ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपलनं पाचव्या पिढीचा आयपॉड आणला आणि पुढच्या सप्टेंबरात त्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती. जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्याला '५जी' आणि दुसऱ्याला '५.५जी' म्हणतात, दोघांचं मिळून नाव 'आयपॉड व्हिडिओ'. पोटात ८० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन एआरएम प्रोसेसर, ३२ किंवा ६४ एमबी मेमरी, १.८ इंची हार्ड डिस्क आणि वर अडीच इंचाचा रंगीत पडदा. म्हणजे हा एक छोटासा संगणकच, फक्त आतल्या सॉफ्टवेअरनं त्याला आयट्यून्सच्या (ॲपलच्या संगणकावरच्या संगीत-प्रोग्रामच्या) दावणीला बांधून ठेवलेलं आहे. फाइल कॉपी केली आणि वाजवली, असं त्यावर होत नाही. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) वाजत नाही. गाण्याची पट्टी बदलता येत नाही.

ही दावण सोडवण्यासाठी रॉकबॉक्स आहे. २००१ च्या अखेरीस काही स्वीडिश प्रोग्रामरांनी आर्कोस कंपनीच्या ज्यूकबॉक्ससाठी ते लिहायला घेतलं, कारण त्या यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर त्यांना सहन होत नव्हतं. पुढे ते आयपॉडसह अनेक प्लेअरवर पोचलं. ते लिनक्सवर बेतलेलं नाही. मुळापासून स्वतंत्र लिहिलेली, मुक्त परवान्याची ही एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ३.० आवृत्ती २००८ मध्ये आली, ३.१५ ही २०१९ मध्ये आणि ४.० ही २०२५ मध्ये. वीस वर्षं जुन्या यंत्रासाठी आजही नवं सॉफ्टवेअर निघतंय, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

मोबाईलवर सगळं मिळत असताना हा खटाटोप कोणासाठी? ज्यांच्याकडे स्वतःचा संग्रह आहे त्यांच्यासाठी. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली, घरातल्या कोणाचं जुनं रेकॉर्डिंग, सीडीवरून काढलेली नाट्यगीतं, गुरूंनी रियाजासाठी दिलेल्या फाइली. ज्यांना फक्त नवी गाणी ऐकायची आहेत त्यांनी यात वेळ घालवू नये.

इथे सगळा भर आयपॉड व्हिडिओवर आहे. त्याच्याआधीचे चाकवाले आयपॉड, मिनी आणि नॅनोच्या पहिल्या दोन पिढ्या यांच्यावरही रॉकबॉक्स चालतं. आयपॉड क्लासिकवरही चालतं, पण तिथे बूटलोडर (यंत्र सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर उघडायचं ते बघणारा छोटा प्रोग्राम) बसवायची रीत वेगळी आहे, तेव्हा पुढची 'बसवणं' ही पायरी क्लासिकला जशीच्या तशी लावू नका. शफल आणि टच यांचा विचारच सोडा. आणखी एक: आयपॉडवरचे आणि रॉकबॉक्समधले मेनू पडद्यावर इंग्रजीत दिसतील, मी त्यांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

आधी आपला आयपॉड ओळखा

मागच्या चकचकीत पत्र्यावर क्षमता कोरलेली असते. ६० जीबी असेल तर तो ५जी, ८० असेल तर ५.५जी. ३० जीबी दोन्हींत होता. त्यात म्युझिक मेनूमध्ये 'सर्च' दिसला तर ५.५जी. रॉकबॉक्स बसवताना या भेदानं काही बिघडत नाही. फरक पडतो तो मेमरीचा. ३० जीबीच्या मॉडेलमध्ये ३२ एमबी, ६० आणि ८० जीबीच्या मॉडेलमध्ये ६४ एमबी. आयपॉड डिस्कवरून गाणी उचलून मेमरीत भरतो आणि डिस्क थांबवतो. मेमरी रिकामी होत आली की डिस्क पुन्हा फिरते. त्यामुळे मेमरी जास्त तितकी डिस्क कमी वेळा फिरते आणि बॅटरी जास्त पुरते. विकत घ्यायचाच असेल आणि निवड करता येत असेल, तर ६४ एमबीवाला घ्या.

घेताना पडदा चालू करून नीट पाहा. पडद्यावर पांढुरके, उजळ डाग दिसत असतील किंवा पुढचा आणि मागचा भाग यांच्यात फट पडली असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा आयपॉड चार्जिंगला लावू नका. आधी बॅटरी काढा. होल्डचं (बाकीची बटणं कुलूपबंद करणारं) बटण सरकवून बघा आणि हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का तेही, कारण ही दोन्ही एकाच पट्टीवर असतात आणि ती पट्टी खराब असेल तर नवी शोधावी लागते.

केबलकडेही लक्ष द्या. रुंद, ३० पिनांची जुनी केबल लागते आणि रस्त्यावर मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आत डेटाच्या तारा नसतातच. आयपॉड थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावा. साध्या हबमधून डिस्क फिरवण्याइतका करंट मिळाला नाही की आयपॉड मध्येच नाहीसा होतो आणि दोष बिचाऱ्या रॉकबॉक्सवर येतो.

डिस्कची तब्येत

रॉकबॉक्स बसवताना आयपॉड 'मेला' अशा ज्या तक्रारी असतात, त्यांतल्या बहुतेकांत खरा रोग डिस्कचा असतो. म्हाताऱ्या डिस्कवर आपण एकदम काही जीबी लिहायला घेतो आणि ती मान टाकते. म्हणून बसवण्याआधीचा हा अर्धा तास सोडू नका.

मेनू आणि मधलं सिलेक्ट बटण एकत्र दाबून धरा. काही सेकंदांत ॲपलचं चिन्ह दिसेल. ते दिसताक्षणी बोटं उचलून सिलेक्ट आणि मागे जायचं (डावीकडचं) बटण दाबून धरा. आयपॉड तपासणीच्या पडद्यावर जाईल. त्यात आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग एचडी स्मार्ट डेटा असं उघडा. इथे चाक नव्हे, बटणं वापरून पुढेमागे जावं लागतं. थोडं चाचपडाल, हरकत नाही.

पडद्यावर आकड्यांची एक यादी येते. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या: 'रीॲलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स'. पहिली ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कनं बाजूला टाकलेल्या जागा, दुसरी म्हणजे ज्यांच्यावर तिला संशय आहे अशा जागा. दोन्हीकडे शून्य असेल तर उत्तम. रीॲलॉक्समध्ये थोडा आकडा असेल आणि आठवड्यानंतरही तोच राहिला तर डिस्क वापरता येईल. पेंडिंगमध्ये आकडा असेल, किंवा डिस्क कट-कट असा ठेका धरत असेल, तर तिच्यावर पुढचे कष्ट घेऊ नका.

डिस्क बदलायचीच वेळ आली तर पुन्हा फिरती डिस्क घालू नका. १.८ इंची डिस्कच्या जागी बसणारी, एसडी कार्ड घेणारी अडॅप्टर पट्टी मिळते. वजन कमी होतं, धक्क्याची भीती जाते, बॅटरी लांबते. आयपॉड उघडायला प्लास्टिकची पातळ पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, पत्रा वाकतो तो कायमचाच. उघडताना पुढचा भाग झटकन ओढू नका: मागच्या पत्र्याला चिकटलेली बॅटरी आणि हेडफोन-होल्डची पट्टी, दोन्ही पातळ रिबननी मुख्य सर्किटला जोडलेल्या असतात. बॅटरीच्या रिबनची खिटी नखाएवढीही नाही, आणि तुटली तर तिचं सोल्डरिंग हे तरबेज कारागिराचंच काम. नुसतं बघून शिकायचं असेल तर पहिल्यांदा कोणा अनुभवी माणसाशेजारी बसा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांना ही रिबनची कामं अंगवळणी पडलेली असतात.

डिस्कची मांडणी: विंडोज की मॅक

रॉकबॉक्स फक्त फॅट३२ मांडणी (डिस्कवर फाइली नोंदवायची एक पद्धत) वाचतं. आयपॉड पहिल्यांदा विंडोजला जोडून तयार केला असेल तर तो फॅट३२ असतो. मॅकला जोडून केला असेल तर मॅकच्या मांडणीत, आणि तिथे रॉकबॉक्स चालणार नाही. ओळखायचं कसं? आयपॉडवर सेटिंग्ज, मग अबाऊट उघडा. खाली 'फॉरमॅट: विंडोज' असं लिहिलेलं असेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

नसेल तर विंडोजचा संगणक गाठा. मॅकवरही हे करता येतं, पण त्यासाठी टर्मिनलमध्ये डिस्कचा पहिला भाग हातानं लिहावा लागतो आणि एक अक्षर चुकलं तर मॅकचीच डिस्क पुसली जाऊ शकते. मित्राचा विंडोज लॅपटॉप तासाभरासाठी मागून आणणं जास्त शहाणपणाचं.

मॅक मांडणीतला आयपॉड विंडोजला जोडला की 'डिस्क फॉरमॅट करायची का' असा प्रश्न येईल. तिथे रद्द करा. विंडोजच्या फॉरमॅटनं गाण्यांची जागा तयार होईल, पण ॲपलचं सॉफ्टवेअर जिथे राहतं तो छुपा भाग तयार होणार नाही, आणि त्याच्याशिवाय आयपॉड सुरूच होत नाही. आयट्यून्स उघडा, डावीकडे आयपॉड निवडा आणि 'रिस्टोअर' दाबा. यात सगळी गाणी जातात, म्हणून जी हवीत ती आधी उतरवून घ्या. काम संपल्यावर आयपॉड एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ केबल काढू नका.

एसडी कार्ड घातलेल्यांनीही हाच रस्ता धरावा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क फॅट३२ करता येत नाही, त्यामुळे लोक नाइलाजानं एक्सफॅट निवडतात आणि अडकतात. रिस्टोअर केलं की हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी आयट्यून्समध्ये 'एनेबल डिस्क यूज' या चौकोनात खूण करा आणि आयट्यून्स पूर्ण बंद करा. उघडं राहिलं तर ते आयपॉडवर हक्क सांगत बसतं आणि पुढच्या पायरीत 'डिस्क वापरात आहे' असा संदेश येतो.

बसवणं

आता मुख्य काम, आणि हेच सगळ्यात सोपं. रॉकबॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून रॉकबॉक्स युटिलिटी नावाचा प्रोग्राम उतरवा. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी आहे. दुसऱ्या कुठल्या साइटवर कोणी 'तयार पॅकेज' देत असेल तर घेऊ नका.

विंडोजवर या प्रोग्रामवर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. हे का? कारण बूटलोडर नेहमीच्या फाइलसारखा कॉपी होत नाही, तो डिस्कच्या छुप्या भागात थेट लिहिला जातो, आणि त्याला हा अधिकार लागतो. लिनक्सवर याच कारणासाठी सुडोनं चालवावं लागतं.

पहिल्यांदा उघडल्यावर यंत्र कोणतं ते विचारलं जाईल. 'ऑटोडिटेक्ट' दाबा. यादीत आयपॉड व्हिडिओ आणि त्याचं ड्राइव्ह अक्षर आपोआप येईल. ते अक्षर आयपॉडचंच आहे, दुसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हचं नाही, एवढं डोळ्यांनी ताडून घ्या. बाकी सगळे पेनड्राइव्ह आधीच काढून ठेवलेले बरे.

मग काय काय बसवायचं त्याची यादी दिसते. बूटलोडर, रॉकबॉक्स आणि फॉन्ट या तीन गोष्टी हव्यातच. फॉन्ट नको म्हणून सोडू नका, इंग्रजीपलीकडची अक्षरं त्याच्याविना चौकोनच दिसतात. थीम नंतर घेता येते. खेळांच्या फाइली हौस असेल तर घ्या. या आयपॉडवर डूमसुद्धा चालतो, चाकावर तो खेळणं हा मात्र निव्वळ छळ आहे. आवृत्ती निवडताना 'स्टेबल' घ्या.

'व्हॉइस' नावाचा एक पर्याय आहे, त्याबद्दल दोन वाक्यं जास्त. तो घेतला तर रॉकबॉक्स मेनू बोलून दाखवू शकतं आणि फोल्डरचं नाव एकेक अक्षर करून वाचू शकतं. दृष्टिहीन श्रोत्यांमध्ये रॉकबॉक्स लोकप्रिय आहे ते यामुळेच. इंग्रजी उच्चार यांत्रिक वाटतो, पण पडद्याकडे न बघता गाणं शोधता येतं. घरात डोळ्यांनी अधू झालेलं कोणी गाणं ऐकणारं असेल तर हा पर्याय जरूर घ्या आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत ठेवा, म्हणजे त्यांची अक्षरं उच्चारता येतील.

'इन्स्टॉल' दाबल्यावर काही मिनिटांत काम संपतं. आयपॉडच्या मुळाशी टिंबानं सुरू होणारं '.रॉकबॉक्स' नावाचं फोल्डर दिसेल (मॅक आणि लिनक्सवर ते लपलेलं असतं). त्याला हात लावू नका, नाव बदलू नका, दुसऱ्या फोल्डरात सरकवू नका. बूटलोडर सुरू होताना नेमकं तेच फोल्डर, नेमकं तिथेच शोधतो. आता आयपॉड 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायची सोय नाही; लिहिणं चालू असताना केबल ओढली तर फोल्डरांची यादीच बिघडू शकते.

पहिली सुरुवात

मेनू आणि सिलेक्ट धरून आयपॉड रीसेट करा. ॲपलच्या चिन्हानंतर रॉकबॉक्सचं चिन्ह येईल आणि मग साधा, अक्षरांचा मेनू. दिसायला रुक्ष आहे, हे खरं. थीम बदलून रूप पालटता येतं.

बटणांची सवय व्हायला थोडे दिवस जातात. चाकानं वर-खाली, सिलेक्टनं आत, मेनूनं बाहेर, इथवर ओळखीचं. नवी गोष्ट म्हणजे सिलेक्ट दाबून धरणं: कुठेही असं केलं की त्या जागेपुरता मेनू उघडतो, आणि रॉकबॉक्सची अर्धी ताकद तिथे दडलेली आहे. प्ले दाबून धरलं की आधी गाणं थांबतं. पुन्हा धरलं की आयपॉड खरोखर बंद होतो.

ॲपलचं मूळ सॉफ्टवेअर गेलेलं नाही, ते छुप्या भागात तसंच आहे. त्यात जायचं असेल तर आयपॉड सुरू होऊ लागताच होल्डचं बटण सरकवा. बूटलोडर होल्ड लागलेला पाहतो आणि ॲपलच्या बाजूला वाट करून देतो. परत येताना मेनू आणि सिलेक्टनं रीसेट करावं लागतं, कारण ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बंद' म्हणजे फक्त डुलकी असते.

गाणी भरणं आणि देवनागरीची अडचण

आता आयट्यून्सची गरज नाही. केबल लावा, आयपॉड पेनड्राइव्हसारखा दिसेल, 'संगीत' नावाचं फोल्डर करा आणि हवी ती रचना ठेवा: गायक, मग राग किंवा नाटक, मग फाइली. एमपी३, एएसी, फ्लॅक, ऑग, ओपस, ॲपल लॉसलेस सगळं चालतं. कॉपी-संरक्षण घातलेल्या विकत घेतलेल्या फाइली मात्र वाजणार नाहीत.

आयट्यून्सनं आधी भरलेली गाणी टाकायची गरज नाही. ती 'आयपॉड कंट्रोल' या लपलेल्या फोल्डरात, चार अक्षरी निरर्थक नावांनी विखुरलेली असतात. फोल्डरात शिरून ती शोधणं अशक्य आहे, पण डेटाबेसमधून ती नीट दिसतात. सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज, डेटाबेस, इनिशियलाइझ नाऊ असं करा. आयपॉड प्रत्येक फाइलचा टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाणं, गायक, अल्बम यांची नोंद) वाचत जातो. संग्रह मोठा असेल तर चार्जरला लावून चहा घेऊन या. मग रीस्टार्ट केलं की मुख्य मेनूतल्या 'डेटाबेस'खाली गायक, अल्बम, वर्ष अशी वर्गवारी तयार. मेमरी ६४ एमबी असेल तर 'लोड टू रॅम' चालू करा, शोध झटपट होतो.

आणि आता अडचण. फाइलचं नाव किंवा टॅग देवनागरीत असेल तर रॉकबॉक्स अक्षरं ओळखतं. युनिफॉन्टसारखा देवनागरी असलेला फॉन्ट सेटिंग्जमधून निवडला की ती दिसतातही. पण त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पाय मोडलेले दिसतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. 'भक्ती', 'कृष्ण', 'स्वर' यांसारखे शब्द वाचताना डोळ्यांना त्रास होतो. मोबाईल आणि संगणकावर ही जुळणी करणारा वेगळा प्रोग्राम असतो. इतक्या लहान यंत्रासाठी लिहिलेल्या रॉकबॉक्समध्ये तो नाही.

माझं मत असं की इथे हट्ट धरू नये. संगणकावर मूळ संग्रह देवनागरीतच ठेवा आणि आयपॉडसाठी त्याची वेगळी प्रत रोमन टॅग लावून करा. विंडोजवर एमपी३टॅग या मोफत प्रोग्रामनं शेकडो फाइलींचे टॅग एका फटक्यात बदलता येतात. लिहिताना एकच रीत पाळा. एकाच गायकाचं नाव तीन स्पेलिंगांत लिहिलं तर डेटाबेसमध्ये तीन गायक उभे राहतात. सीडीवरून काढलेल्या फाइलींत तर बहुधा 'ट्रॅक ०१' एवढंच असतं. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर डेटाबेसचा काही उपयोग नाही.

अल्बमचं चित्र हवं असेल तर फोल्डरात 'कव्हर' नावाची जेपेग फाइल ठेवा किंवा टॅगमध्येच घाला. चित्र दिसत नसेल तर ते 'प्रोग्रेसिव्ह' प्रकारचं जेपेग असण्याची शक्यता मोठी. रॉकबॉक्सला साधं जेपेग लागतं. एखाद्या चित्र-प्रोग्राममध्ये उघडून तो पर्याय काढून पुन्हा सेव्ह करा.

पट्टी बदलणं

गाणं शिकणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी हा भाग वाचावा. समजा रेकॉर्डिंग काळी चारमध्ये आहे आणि तुमची पट्टी काळी पाच. म्हणजे दोन अर्धस्वर वर न्यायचंय. रॉकबॉक्समध्ये हे चालत्या गाण्यावर करता येतं.

आधी साउंड सेटिंग्जमध्ये 'टाइमस्ट्रेच' चालू करा. ते बंद असेल तर पट्टी वर नेताना लयही वाढेल, टेप जोरात फिरवल्यासारखी. मग गाणं सुरू करून सिलेक्ट दाबून धरा आणि यादीतून 'पिच' निवडा. पडद्यावर टक्के दिसत असतील तर अर्धस्वरांच्या मोजणीवर या आणि दोन घर वर जा. आता बंदिश तुमच्या पट्टीत आहे, ठेका मात्र मूळ लयीतच.

याच पडद्यावर उलटंही करता येतं: पट्टी तीच ठेवून लय कमी. एखादी अवघड तान ७० टक्के वेगानं ऐकली की तिचे स्वर मोजता येतात. फार कमी केलं, तर तानपुऱ्याच्या नादात खरखर येते आणि तबल्याचा घुमारा फाटतो. हे गणित ८० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर चाललंय, तेव्हा तेवढं चालवून घ्यावं लागतं. फ्लॅकऐवजी एमपी३ वापरून यात फारसा फरक पडत नाही. तीन-चार अर्धस्वरांपलीकडे गेलात तर गायकाचा आवाजच बदलतो, आणि मग ते ऐकून शिकण्यात अर्थ नाही.

रियाजाला उपयोगी आणखी दोन गोष्टी. प्लगइन्समध्ये मेट्रोनोम आहे. तो तबला नव्हे, नुसती टिकटिक, पण पलट्यांना पुरतो. आणि सेटिंग्जमध्ये 'बुकमार्किंग' चालू केलं की तासाभराची मैफल जिथे सोडली तिथूनच पुन्हा सुरू होते.

इक्वलायझर, क्रॉसफीड (हेडफोनच्या दोन कानांतला आवाज थोडा मिसळणं), रीप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा ठेवणं) हे सगळं आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या आवाजात वरची सळसळ थोडी कापायला इक्वलायझर कामाला येतो. बाकीचं ज्याच्या त्याच्या कानांवर.

बॅटरी

फ्लॅक फाइल एमपी३च्या कितीतरी पट मोठी असते, त्यामुळे मेमरीत थोडीच गाणी मावतात आणि डिस्क वारंवार फिरते. फिरत्या डिस्कच्या आयपॉडवर बॅटरी लवकर संपते ती यामुळे. प्रवासासाठी एमपी३ किंवा ओपसची प्रत ठेवावी. एसडी कार्डवाल्यांना ही चिंता बरीच कमी. पडद्याचा उजेड दहा सेकंदांत विझेल असं ठेवा आणि इक्वलायझर, टाइमस्ट्रेच गरज नसताना बंद करा. दोन्ही प्रोसेसरला राबवतात.

बिघडलं तर

'रॉकबॉक्स डॉट आयपॉड सापडली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर ते टिंबवालं फोल्डर जागेवर नाही, किंवा आयपॉड मॅक मांडणीतच राहिला आहे. पहिलं असेल तर युटिलिटीनं रॉकबॉक्स पुन्हा बसवा, बूटलोडर पुन्हा लिहायची गरज नाही. फोल्डरांची नावं विचित्र दिसू लागली तर केबल लावून विंडोजची डिस्क-तपासणी चालवा, कॉपी मध्येच तुटल्याची ती खूण आहे.

काहीच सुरू होत नसेल तरी घाबरू नका. मेनू आणि सिलेक्टनं रीसेट करा, ॲपलचं चिन्ह दिसताच सिलेक्ट आणि प्ले धरा. आयपॉड 'डिस्क मोड'मध्ये जाईल आणि संगणकाला पुन्हा दिसेल. ही सोय डिस्कवर नसून आयपॉडच्या वेगळ्या चिपमध्ये आहे, त्यामुळे डिस्कवर कितीही गोंधळ घातला तरी ती शाबूत राहते. तिथून आयट्यून्सचं रिस्टोअर केलं की आयपॉड पूर्ववत. डिस्क मोडही येत नसेल तर दोष बॅटरीचा, केबलचा किंवा खुद्द यंत्राचा. सॉफ्टवेअर बदलून तो जाणार नाही.

नवी आवृत्ती आली की युटिलिटी उघडून फक्त 'रॉकबॉक्स' निवडा. तुमच्या सेटिंग्ज त्या टिंबवाल्या फोल्डरातच 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये असतात. तिची एक प्रत संगणकावर ठेवलेली बरी.

रॉकबॉक्स नको झालं तर काढताना क्रम पाळा. आधी युटिलिटीतून बूटलोडर काढा, मग फोल्डर पुसा. उलटं केलंत तर प्रत्येक वेळी सुरू होताना बूटलोडर नसलेलं फोल्डर शोधत थांबेल आणि होल्ड सरकवल्याशिवाय ॲपलचं सॉफ्टवेअर उघडणार नाही. गाण्यांच्या फाइलींना यात काही होत नाही, पण तुम्ही स्वतः केलेल्या 'संगीत' फोल्डरातली गाणी ॲपलच्या सॉफ्टवेअरला दिसणार नाहीत. ती आयट्यून्समधून पुन्हा भरावी लागतील.